तारापूरचा किल्ला, सुरतेचा तह आणि ‘भाऊबंदकी’

बोईसर स्थानकातून पश्चिमेकडे निघालेला रस्ता औद्योगिक वसाहत ओलांडून समुद्राच्या दिशेने जातो. तारापूर म्हटले की आज बहुतेकांना १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आठवते. मात्र तारापूर गावाची जुनी ओळख तेथील दगडी किल्ल्याशी जोडलेली आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील हा किल्ला जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने झुंजून घेतला. या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर हा नामांकित सरदार धारातीर्थी पडला. माहीम, केळवे, शिरगाव ही ठाणी याच सुमारास मराठ्यांच्या हाती आली आणि मे १७३९ मध्ये वसईने शरणागती पत्करली.

या विजयाला छत्तीस वर्षे होत असताना, मार्च १७७५ मध्ये, सुरत येथे एक तह झाला. त्यात मुंबईकर इंग्रजांना साष्टी आणि वसई देण्याचे मान्य करण्यात आले. हे मान्य करणारा पुरुष परका नव्हता. तो चिमाजी अप्पांचा सख्खा पुतण्या, थोरल्या बाजीरावांचा मुलगा, अटकेच्या मोहिमेचा नायक रघुनाथराव होता. काकाने रक्त सांडून मिळवलेला मुलूख पुतण्याने गादीच्या मोबदल्यात देऊ केला. या अधःपतनाचे मूळ ज्या एका रात्रीच्या आधीच्या मसलतीत आणि नंतरच्या मौनात आहे, त्यावर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ हे नाटक रंगभूमीवर आणले. मराठीतील महत्त्वाकांक्षेची शोकांतिका म्हणून या नाटकाचा विचार करताना शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ची आठवण अपरिहार्य ठरते.

रणातला वीर, घरातला बंदिवान

शोकांतिकेचा नायक मुळात क्षुद्र असून चालत नाही. त्याच्या पडण्याला उंची लागते. रघुनाथरावांकडे ती होती. १७३४ मध्ये जन्मलेल्या या पेशवेपुत्राने १७५८ मध्ये मराठी फौजा पंजाबात नेल्या. ‘अटकेपार झेंडे’ हा मराठीतला वाक्प्रचार त्याच पराक्रमाची खूण आहे. पानिपतानंतर नानासाहेब पेशवे निवर्तले आणि गादी सोळा वर्षांच्या माधवरावांकडे गेली. काका कर्ता, पुतण्या अल्पवयीन. आणि तरीही वस्त्रे पुतण्याला. येथून सलाला सुरुवात झाली.

१७६२ मध्ये आळेगाव येथे रघुनाथरावांनी पुतण्याला नमवले. १७६८ मध्ये धोडपला माधवरावांनी काकांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे माधवरावांचा मृत्यू झाला आणि धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. काका-पुतण्यांतले वैर वाढले. रघुनाथरावांवर पुन्हा पहारे बसले.

३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे दिवस होते. पगार थकल्याची ओरड करत गारदी शनिवारवाड्यात घुसले. अठरा वर्षांचा पेशवा काकांच्या आश्रयाला धावला आणि तेथेच त्याचा खून झाला. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद युसूफ ही मारेकऱ्यांची नावे इतिहासाने नोंदवली. पेशवाईची वस्त्रे रघुनाथरावांना मिळाली. हवे ते मिळाले, त्याच दिवसापासून ते हातातून निसटू लागले.

स्कॉटलंडचा सेनापती

‘मॅकबेथ’ हे शेक्सपिअरने १६०६ च्या सुमारास लिहिलेले नाटक त्याच्या मृत्यूनंतर, १६२३ च्या संग्रहात प्रथम छापले गेले. त्याचे कथानक थोडक्यात असे. युद्ध जिंकून परतणाऱ्या मॅकबेथ या सेनापतीला माळरानावर तीन चेटकिणी भेटतात आणि तू राजा होशील असे भविष्य सांगतात. पत्नीच्या चिथावणीने तो पाहुणा म्हणून घरी आलेल्या वृद्ध राजा डंकनचा झोपेत खून करतो. राज्य मिळते, झोप जाते. एक खून लपवण्यासाठी दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा, अशी मालिका सुरू होते. ज्या पत्नीने त्याला भित्रा म्हणून हिणवले, तीच झोपेत चालत हातावरचे न दिसणारे डाग धूत राहते. शेवटी रान चालून येते आणि मॅकडफच्या तलवारीने मॅकबेथचा अंत होतो.

या नाटकाचा गाभा चेटकिणींच्या भविष्यात आहे असे वरवर वाटते. बारकाईने पाहिले तर चेटकिणी खून करायला सांगत नाहीत. त्या फक्त राज्य मिळेल म्हणतात. त्याच माळरानावर, त्याच क्षणी बँको या दुसऱ्या सरदारालाही भविष्य सांगितले जाते. त्याचे वंशज राजे होणार असतात. बँकोच्या मनातही विचार येतात. मात्र तो कट्यार उचलत नाही. एकच वाणी दोघांनी ऐकली आणि दोघे दोन वाटांनी गेले. दैवाने दार दाखवले. उंबरठा ओलांडण्याचा निर्णय माणसाचा होता. ‘मॅकबेथ’मधील नैतिक प्रश्न येथे आहे आणि मराठी नाटककाराला तो नेमका येथेच उपयोगी पडला.

इतिहासातला मॅकबेथ नाटकातल्या मॅकबेथपेक्षा वेगळा होता, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे. डंकन राजा १०४० मध्ये लढाईत मारला गेला, अंथरुणात नव्हे. त्यानंतर मॅकबेथने १०५७ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षे राज्य केले. मात्र जगाच्या स्मरणात राहिला तो शेक्सपिअरचा खुनी. रंगभूमी इतिहासावर कशी मात करते याचे हे उदाहरण आहे आणि त्याचा पडसाद शनिवारवाड्यातही ऐकू येतो.

मराठीत शोकांतिका

संस्कृत नाट्यपरंपरेने शोकान्त शेवट सहसा स्वीकारला नाही. भासाच्या ‘ऊरुभंग’सारखी उदाहरणे अपवादात्मक. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवर’ने सुरू झालेली मराठी रंगभूमीही प्रारंभी पौराणिक आख्यानांत रमली होती. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले आणि नायकाच्या मृत्यूने संपणारे स्वतंत्र ऐतिहासिक नाटक मराठीत अवतरले.

पुढे इंग्रजी शिक्षण घेतलेल्या पिढीने शेक्सपिअर आपलासा केला. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला. शिवराम महादेव परांजपे यांनी ‘मॅकबेथ’चे रूपांतर ‘मानाजीराव’ या नावाने केले. ‘काळ’कर्ते परांजपे आणि ‘केसरी’तले खाडिलकर हे दोघेही राजकारणातले लेखणीबहाद्दर होते आणि सत्तेच्या लोभाची ही कथा दोघांना आकर्षित करावी, यात नवल नाही.

फरक असा की परांजप्यांनी परकी कथा मराठी वेषात आणली; खाडिलकरांनी घरचीच कथा घेतली. त्याआधी ‘सवाई माधवरावाचा मृत्यू’ या नाटकात त्यांनी हॅम्लेटची दोलायमानता आणि यागोचा कावा पेशव्यांच्या वाड्यात आणला होता. ‘भाऊबंदकी’त मॅकबेथ दाम्पत्याच्या जागी रघुनाथराव आणि आनंदीबाई आली. कीर्तन्यांच्या नाटकापासून मोजले तर एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांनी मराठी रंगभूमीला तीन शोकांतिका दिल्या.

१९०९ चे प्रेक्षक

महाराष्ट्र नाटक मंडळीने ‘भाऊबंदकी’ रंगभूमीवर आणले, तेव्हा महाराष्ट्राचे मन व्याकूळ होते. डिसेंबर १९०७ मध्ये सुरत येथील अधिवेशनात काँग्रेस जहाल आणि मवाळ अशी दुभंगली होती. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची मंडालेला रवानगी झाली होती. खाडिलकरांच्याच ‘कीचकवध’ नाटकाने सरकारचा रोष ओढवून घेतला होता. १९१० मध्ये त्यावर बंदी आली.

अशा वेळी घरातल्या भांडणामुळे परक्याला दार उघडे होते, हे सांगणारे नाटक प्रेक्षकांना निव्वळ पेशवेकालीन वाटणे शक्य नव्हते. इतिहासातल्या सुरतेच्या तहाने इंग्रजांना मराठी राज्याच्या भांडणात पाऊल रोवू दिले. वर्तमानातल्या सुरतेने राष्ट्रीय सभा फोडली. नावांचा हा योगायोग तत्कालीन जाणत्या प्रेक्षकांच्या नजरेतून सुटला नसावा. पण नाटक प्रचारापाशी थांबले असते तर ते पुढे टिकले नसते. टिकले ते त्यातील माणसांमुळे.

‘ध’चा ‘मा’ कोणी केला?

आनंदीबाई हे मराठी मनातले एक दुष्टतेचे प्रतीक होऊन बसले आहे. रघुनाथरावांनी पुतण्याला ‘धरावे’ असा हुकूम लिहिला आणि आनंदीबाईंनी ‘ध’ खोडून ‘मा’ केला, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. भाषेत तर ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचारच रूढ झाला. परंतु तो फिरवलेला हुकूम निर्णायक पुराव्याच्या रूपाने इतिहासासमोर आलेला नाही. कट होता, रघुनाथरावांचा त्याशी संबंध होता, गारद्यांना वचने दिली गेली होती, इथपर्यंतची भूमी पक्की आहे. अक्षर बदलणारा हात मात्र दंतकथेच्या प्रदेशात राहतो.

ही दंतकथा एवढी लोकप्रिय का व्हावी? कारण ती सोयीची आहे. तिच्यामुळे अटकेपर्यंत घोडा नेणारा वीर पूर्ण खुनी ठरत नाही. त्याला केवळ कैद करायचे होते, घात बायकोने केला, असे म्हणता येते. लेडी मॅकबेथच्या वाट्यालाही हेच आले. पतीला तिने भरीस घातले हे खरे. परंतु खंजीर त्याच्या हातात होता, आणि पुढच्या खुनांच्या वेळी तर त्याने तिला विचारलेदेखील नाही. बँकोवर मारेकरी घालताना तो तिला अंधारात ठेवतो. माणूस एकदा घसरला की त्याला चिथावणीची गरज उरत नाही, हे शेक्सपिअरने तेथे दाखवले.

चेटकिणी असोत की बदललेले अक्षर, दोन्ही ठिकाणी अपराधाचे ओझे दुसऱ्यावर ढकलण्याची सोय आहे. समजा, हुकूम ‘धरावे’ असाच होता. तरीही राज्याच्या धन्याला भाडोत्री शस्त्रधाऱ्यांकडून धरवण्याचा विचार ज्याने केला, त्याला परिणामांची जबाबदारी झटकता येत नाही. आणि ‘काका, मला वाचवा’ ही लोकस्मृतीत राहिलेली हाक खरी असो वा कल्पित, पुतण्या पायाशी आला त्या क्षणी हुकूम फिरवण्याची संधी कोणत्याही कागदाने हिरावून घेतलेली नव्हती.

दुर्गा खोटे यांनी ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई रंगवली. वि. वा. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’चे रूपांतर केलेल्या ‘राजमुकुट’मध्ये १९५४ साली त्यांनीच लेडी मॅकबेथची भूमिका केली. स्कॉटलंडची राणी आणि पुण्याची पेशवीण एकाच अभिनेत्रीच्या वाट्याला याव्यात, यातच या दोन स्त्रियांचे नाते स्पष्ट होते. चांगली अभिनेत्री या भूमिकेत दुष्टतेपेक्षा कोंडमारा अधिक दाखवू शकते. नवरा कर्तबगार, तरी घरात नजरकैदेत; वारसा जवळ, तरी दरवाजा बंद. या कोंडीतून जन्मलेली आकांक्षा समजून घेता येते, तिचे समर्थन मात्र करता येत नाही. समजणे आणि समर्थन यांतले हे अंतर राखते तीच शोकांतिका.

मॅकबेथच्या नाटकात नसलेला माणूस

‘भाऊबंदकी’ हे ‘मॅकबेथ’चे अनुकरण राहत नाही ते एका पात्रामुळे. ते पात्र म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. स्कॉटलंडमध्ये न्यायाधीश नाही. तेथे मॅकबेथचा अपराध कुजबुजीत राहतो, सरदार पळून जातात, सैन्य गोळा करतात आणि अखेर तलवार न्याय करते. पुण्यात मात्र राज्याचा मुख्य न्यायाधीश चौकशी करतो आणि राज्याच्या धन्यासमोर उभा राहून त्याला अपराधी ठरवतो. या पातकाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, हा रामशास्त्र्यांचा निर्वाळा परंपरेने जपला आहे. त्यानंतर त्यांनी अशा राज्यात न्यायासनावर बसण्यास नकार देऊन पुणे सोडले.

खाडिलकरांनी हा प्रसंग नाटकाचा कळस केला. न्यायाधीशाजवळ फौज नाही, पहारेकरी नाहीत. शब्दाखेरीज शस्त्र नाही. समोरच्याजवळ सारे काही आहे. तरीही त्या दरबारात निर्बल कोण आणि समर्थ कोण, याविषयी प्रेक्षकाच्या मनात संशय राहत नाही. रामशास्त्र्यांच्या या प्रतिमेचा प्रभाव मोठा होता. १९४४ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने ‘रामशास्त्री’ चित्रपट काढला आणि गजानन जागीरदारांनी साकारलेला न्यायाधीश घराघरांत पोचला.

परंतु या पात्रामुळे एक कठीण प्रश्नही उभा राहतो. निकाल झाला, शिक्षा सांगितली गेली, आणि ती अमलात आणणारे कोणीच नव्हते. ‘मॅकबेथ’मध्ये पापी मरतो आणि राज्याला नवा राजा मिळतो; प्रेक्षक सुटकेचा श्वास घेऊन बाहेर पडतो. रघुनाथराव मात्र मेले नाहीत. देहान्त शिक्षेचा धनी दहा वर्षे जगला आणि त्या दहा वर्षांचे मोल इतरांनी दिले.

हिशेब वसईत चुकता झाला

रामशास्त्री निघून गेल्यावर पुण्याच्या कारभाऱ्यांनी रघुनाथरावांविरुद्ध एकजूट केली. हेच बारभाईंचे कारस्थान. १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाई पुरंदरावर प्रसूत झाल्या आणि सवाई माधवराव जन्मले. गादीचा वारस जन्माला येताच रघुनाथरावांच्या पेशवेपदाचा आधार संपला. बँकोचा मुलगा मारेकऱ्यांच्या तावडीतून निसटतो तेव्हा मॅकबेथच्या पायाखालची जमीन सरकते. येथे न जन्मलेल्या मुलाने ते काम केले.

यानंतर रघुनाथराव इंग्रजांकडे वळले. मुंबईकरांचे डोळे आधीपासूनच साष्टी-वसईवर होते. ठाण्याचा किल्ला तर त्यांनी तहाच्या आधीच, डिसेंबर १७७४ मध्ये घेतला. सुरतेच्या तहाने पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला तोंड फुटले. त्याचा चटका उत्तर कोकणाला बसला. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डने वसई घेतली. त्याच सुमारास मराठी सरदार रामचंद्र गणेश वज्रेश्वरीजवळ दुगाडच्या लढाईत पडले. १७३९ मध्ये तारापूरला बाजी भिवराव मुलूख मिळवताना पडले होते. चार दशकांनी रामचंद्र गणेश तो राखताना पडले. पहिल्याच्या मागे बाजीरावांच्या घराची एकी होती, दुसऱ्याच्या मागे त्याच घराची फूट होती.

मे १७८२ मधील सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडे राहिली. रघुनाथरावांच्या पदरात नेमणूक पडली आणि पुढल्या वर्षी, डिसेंबर १७८३ मध्ये, कोपरगाव येथे त्यांचा मृत्यू झाला.

कथा तेथेही संपली नाही. १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा अकाली मृत्यू झाला आणि गादी अखेर रघुनाथराव-आनंदीबाईंच्या मुलाकडे, दुसऱ्या बाजीरावाकडे आली. ज्यासाठी पुतण्याचा बळी गेला ते पेशवेपद या दाम्पत्याच्या रक्ताला मिळाले. होळकरांकडून पराभूत झालेल्या या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी तैनाती फौजेचा तह केला. तो तह झाला ते गाव वसई होते. पित्याने ज्या वसईचा सौदा केला, त्याच वसईत पुत्राने राज्याचे स्वातंत्र्य लिहून दिले. १८१८ मध्ये पेशवाई संपली.

दैव म्हणायचे ते याला. पण हे दैव कोणा चेटकिणीने सांगितलेले नव्हते. एका माणसाने एका रात्री जे होऊ दिले आणि सकाळी जे नाकारले, त्यातून टप्प्याटप्प्याने ते घडत गेले. प्रत्येक टप्प्यावर परतीची वाट होती. रामशास्त्र्यांनी ती सांगितलीही होती.

नाटकाचे आजचे स्थान

शेक्सपिअरच्या या नाटकाने जगभर वेष बदलले. जपानमध्ये अकिरा कुरोसावा यांनी १९५७ मध्ये ‘थ्रोन ऑफ ब्लड’ केला, ब. व. कारंत यांनी यक्षगानाच्या शैलीत ‘बरनम वन’ उभे केले, विशाल भारद्वाज यांनी ‘मक्बूल’मध्ये ते मुंबईच्या गुन्हेगारी जगात आणले. मराठीत ‘मानाजीराव’, ‘भाऊबंदकी’ आणि ‘राजमुकुट’ या तीन नाटकांनी त्याला तीन तऱ्हांनी उत्तर दिले. त्यांपैकी ‘भाऊबंदकी’चे उत्तर सर्वांत स्वतंत्र आहे, कारण अपराध्याच्या अंतरंगासमोर त्याने न्यायाचा आवाज उभा केला.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला आणि तारापूर, केळवे, शिरगाव, अर्नाळा, वसई हे १७३७ ते १७३९ च्या मोहिमेतले किल्ले एकाच जिल्ह्यात आले. वसईच्या मोहिमेच्या कथा या किनाऱ्यावर आवडीने सांगितल्या जातात. या विजयाची दुसरी बाजू, तो कशापायी पणाला लागला याची कथा, क्वचितच ऐकू येते. ती ‘भाऊबंदकी’च्या पानांत आहे. पुण्याच्या वाड्यातला खून ही पेशव्यांच्या घरातली गोष्ट वाटते. पण तारापूरच्या तटाखाली पडलेल्यांचे काय झाले, हा प्रश्न विचारला की ती या किनाऱ्याचीही गोष्ट होते.